परत सांग

चौल नावाचा लॅपटॉप बशीर सरांच्या हातून गेला, असं आमच्या शाळेत आजही सगळे समजतात. तो माझ्या हातून गेला. हे मला त्याच दुपारी सांगता आलं असतं. सरांनी मला सरळ विचारलं होतं आणि मी दोन शब्दांत उत्तर दिलं होतं. ते दोन शब्द खोटे होते. त्यांची शिक्षा मला झाली नाही, सरांना झाली. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर पुढे मी त्यांचं जे काही कौतुक करीन त्याला अर्थ राहणार नाही.

बशीर सर आगरदांड्याजवळच्या आमच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायचे. मी तिथेच मराठी शिकवतो. माझं गाव माणगावच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. सर मात्र इथलेच. त्यांचे वडील, चुलते, थोरले भाऊ सगळे जहाजांवर नोकऱ्या करून आलेले. 'घरात समुद्राला घाबरणारा मी एकटाच, म्हणून मास्तर झालो,' असं ते स्वतःच सांगायचे. उंच, जरासे पोक आलेले, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत नीट घडी घालून दुमडलेल्या. जवळ गेलं की आधी अत्तराचा वास यायचा आणि त्याच्यामागून स्पिरिटचा.

सरांची एक सवय सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. कोणी काहीही सांगितलं की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "परत सांग." ऐकू कमी येत होतं म्हणून नव्हे. मुलाने उत्तर दिलं, परत सांग. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं, परत सांग. मुख्याध्यापकांनासुद्धा, फक्त तिथे 'परत सांगा.' मुलं त्यांच्या पाठीमागे त्यांना 'परतसांग सर' म्हणत. बाजारातली मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, "सर, कान साफ करा की जरा!"

"कान साफ आहेत, बाई. तुझा भाव साफ आहे का ते बघतोय."

आणि दुसऱ्यांदा सांगताना तिचा भाव खरंच खाली यायचा. मी विचारलं तर म्हणाले, "माणूस पहिल्यांदा सांगतो तेव्हा त्यात बरंच काही मिसळलेलं असतं, सुर्वे. दोनदा सारखं निघेल तेवढंच धरायचं."

मला तेव्हा ही नुसती लकब वाटायची. लॅपटॉप आले तेव्हा कळलं की हीच त्यांची काम करण्याची रीत आहे.

मुंबईतल्या एका कचेरीने वापरून जुने झालेले लॅपटॉप शाळेला दिले. सगळे एकाच कंपनीचे, काळे, जाडजूड. मुख्याध्यापकांनी हार घालून त्यांचा फोटो काढला. मग लक्षात आलं की त्यांच्यातली वायफायची कार्डं इतकी जुनी आहेत की शाळेत आलेल्या नव्या इंटरनेटला ती दादच देत नाहीत. सरांनी नवी कार्डं मागवली, एक बसवलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत सूचना आली की हे कार्ड मान्य नाही, काढून टाका. आणि लॅपटॉप तिथेच थांबला. पुढे जाईना.

खोलीत मी होतो आणि आमचा शिपाई गणू होता. सरांनी ती सूचना मराठीत सांगितली.

गणू म्हणाला, "म्हंजी कारड चांगलं हाय, पन वळखीचं न्हाय म्हनून आत घेत न्हाय?"

"व्हय," सर म्हणाले. गणूशी ते गणूच्याच बोलीत बोलत. "त्याच्याकडं यादी हाय. यादीत नाव नसंल तर दारातनंच परत."

"यादी कुनी केली?"

"कंपनीनं."

"आन लापटाप कुनाचा?"

"आता आपला."

"मंग यादी बी आपलीच की!"

सर इतके खूश झाले की त्यांनी गणूला चहा आणायला पाठवण्याऐवजी स्वतः जाऊन त्याच्यासाठी चहा आणला.

ती यादी असते बायोसमध्ये. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. तो आतल्या बोर्डावर, नखाएवढ्या एका चिपमध्ये राहतो. तो उठला की बाकीच्यांना उठवतो. तो उठलाच नाही तर नुसता पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो. सरांनी तो बदलायचं ठरवलं. कुठून शिकले कोण जाणे. इंटरनेटवर जगभरचे असे रिकामटेकडे लोक एकमेकांना मदत करतात, एवढंच म्हणायचे. त्यांत एक फिनलंडचा म्हातारा होता, त्याचा उल्लेख ते 'आमचा भाऊ' असा करत.

त्यांचं काम बघत बसणं हे माझं त्या वर्षांतलं मोठं सुख होतं. आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. 'बिस्मिल्ला' म्हणून लॅपटॉप पालथा घालायचा, स्क्रू काढायचे. ते ठेवायला घरून बर्फाचा ट्रे आणलेला. प्रत्येक खणात वेगळ्या जागेचे स्क्रू. मग चिपवर एक बारीक दातांचा चिमटा बसवायचा. चिमट्याची वायर एका छोट्या यंत्रातून त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपला. चिपमध्ये जे काही आहे ते सगळं वाचून त्याची फाइल करायची. आणि मग, जसं आहे तसं, पुन्हा वाचायचं. दुसरी फाइल. दोन्ही एकमेकींशी ताडून बघायच्या. अक्षराचाही फरक नको. फरक निघाला तर चिमटा काढायचा, चिपचे पाय खोडरबराने घासायचे, स्पिरिटने पुसायचे, चिमटा परत बसवायचा, परत वाचायचं. लागोपाठ दोन वाचनं जुळेपर्यंत लिहायचं नाही.

वाचन चालू असताना ते डोळे मिटून बसत आणि उजव्या हाताचं बोट वर धरत. म्हणजे कोणी बोलायचं नाही.

"चिप खोटं बोलत नाही, सुर्वे," ते म्हणत. "चिमटा नीट बसला नसला की आपल्याला खोटं ऐकू येतं."

जुळलं की मूळ फाइल जपून ठेवायची आणि तिच्या नकलेत बदल करायचा. आकडे आणि अक्षरांच्या त्या न संपणाऱ्या ओळींत यादी तपासण्याची जागा शोधायची आणि तिथे काहीही विचारलं तरी 'हो' असंच उत्तर येईल एवढी दुरुस्ती करायची. "रखवालदाराला काढायचं नाही बरं का. त्याला बसू दे स्टुलावर. फक्त सांगायचं, येईल त्याला ये म्हण." मग ती फाइल चिपवर लिहायची, झाकण लावायचं, बटण दाबायचं. नवं कार्ड आत असूनही लॅपटॉप निमूटपणे चालू झाला की सर त्याच्या झाकणावर दोनदा थोपटत. "शाबास, मियाँ."

प्रत्येक लॅपटॉपला त्यांनी एकेका गावाचं नाव दिलं होतं. चिकटपट्टीवर लिहून झाकणावर लावलेलं. दिघी, राजपुरी, काशीद, नांदगाव, चौल. नुसते नंबर का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "नंबर एकसारखे वाटतात. मग माणूस याची फाइल त्याला घालतो. प्रत्येकाच्या चिपमध्ये त्याचं स्वतःचं नाव-गाव असतं रे. दुसऱ्याची घातली तर बहुतेक उठायचाच नाही. उठलाच तर आपण कोण ते विसरलेला असेल."

या नावांनी गंमत व्हायची. एकदा पाहुणे आले होते आणि मुख्याध्यापक त्यांना जंजिरा दाखवायला न्यायच्या तयारीत होते. तेवढ्यात गणू दारात येऊन म्हणाला, "राजपुरी बंद पडलीय सर, पन दिघी चालू हाय." मुख्याध्यापकांना वाटलं राजपुरीहून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद आहेत. त्यांनी पाहुण्यांना शाळेतच पोहे खाऊ घालून परत पाठवलं.

आणि तो बर्फाचा ट्रे. रमजानमध्ये सरांनी एकदा मला इफ्तारीला बोलावलं. सरबताचं भांडं समोर आलं आणि सरांच्या पत्नी जुबेदाभाभी मला म्हणाल्या, "भाऊ, कोमट प्यावा लागंल. बर्फाच्या ट्रेची विचारपूस करू नका, तो शालेत लागलाय नोकरीला." सरांनी खजुराची बी काढत खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत ट्रे तसाच होता. मीच मुरुडहून भाभींना नवा आणून दिला, तर महिन्याभरात तोही शाळेत आला.

आता ज्या गोष्टीमुळे माझा गुन्हा मोठा होतो ती सांगतो.

सरांची बहीण सकीनाआपा दिघीला राहते. एक रविवार सोडून एक रविवार सर तिच्याकडे जात, आगरदांड्याहून फेरीबोटीने, एकटेच. एकदा मला श्रीवर्धनला जायचं होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर होतो. बोट सुटल्यावर सर मागच्या धक्क्याकडे बघत राहिले. मग सहज सांगावं तसं म्हणाले, "यूसुफभाई तिथे उभा राहायचा."

यूसुफभाई त्यांचे थोरले भाऊ. निम्मं जग बोटीने फिरून आलेला माणूस. म्हातारपणी त्यांची आठवण जायला लागली. दिघीहून येणाऱ्या बोटीतून उतरायचे आणि तिथेच उभं राहून लोकांना विचारायचे, दिघीची बोट कधी आहे? बहिणीकडे जायचंय. सर शाळा सुटल्यावर रोज आधी धक्क्यावर जायचे आणि त्यांचा हात धरून घरी आणायचे. "एक दिवस वाटेत मला म्हणाला, मास्तर, तुम्ही फार भले आहात, तुमचं नाव काय?" सर हसले. बोट दिघीला लागत आली तेव्हा म्हणाले, "मला मरणाची भीती नाही, सुर्वे. मला त्या धक्क्याची भीती आहे. आमच्या अम्मीचंही शेवटी असंच झालं होतं."

हे त्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितल्याचं मला माहीत नाही. मला सांगितलं होतं.

तो शुक्रवार होता. बहुतेक लॅपटॉप झाले होते. सकाळी सरांनी काशीद पुरा केला, चौल टेबलावर घेतला, त्याचं खालचं झाकण काढून आत नजर टाकली आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले. चिमटा, यंत्र, त्यांचा लॅपटॉप सगळं मांडलेलं होतं. खोलीत मी एकटा. सर लवकरच निवृत्त होणार होते, त्यांच्यामागे ही खोली माझ्याकडे येणार होती, आणि मला वाटलं की ते परत येतील तेव्हा चौल चालू करून दाखवावा. त्यांनी माझ्याही पाठीवर थोपटावं. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

मी चिमटा बसवला. वाचायला वेळ लागतो, आणि तेही दोनदा. सगळे लॅपटॉप तर सारखेच दिसत होते. राजपुरीची दुरुस्त केलेली फाइल समोर तयार होती. मी चौलमधलं काहीही न वाचता ती त्याच्यावर लिहिली.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

मी पुन्हा दाबलं, पुन्हा. मग चिमटा काढून होता तिथे ठेवला, चौल होता तसा ठेवला आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो.

सर आले. थोड्या वेळाने मीही गेलो. ते चौलसमोर उभे होते. वाचायला घेण्याआधी एकदा चालू करून बघावा म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं, आणि पडदा काळाच होता. मग त्यांनी आपल्या लॅपटॉपमध्ये चौलची मूळ फाइल शोधली. प्रत्येक गावाच्या दोन-दोन फायली होत्या. चौलची एकही नव्हती.

"न वाचता लिहिलं?" ते स्वतःशीच म्हणाले. "मी?" मग माझ्याकडे वळले. चेहरा असा, की मी आयुष्यात विसरणार नाही. "सुर्वे, सकाळी मी चौल केला का रे?"

मी म्हणालो, "केला असेल."

सर 'परत सांग' म्हणाले नाहीत. तेवढी एकच वेळ. म्हणाले असते तर मी दुसऱ्यांदा तेच सांगू शकलो असतो असं मला वाटत नाही. पण ते खुर्चीवर बसले, खिशातून घड्याळ काढलं आणि मनगटावर बांधलं.

त्यानंतर त्यांनी एकाही लॅपटॉपला हात लावला नाही. कपाटाची चावी माझ्या हातात दिली. चौल मात्र मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन घरी नेला. वर्गात फळ्यावर गणित अर्धवट सोडून मुलांना विचारायला लागले, ही पायरी आपण केली ना? केलेली असायची. गणूला विचारायचे, खोलीला कुलूप मी लावलं ना? लावलेलं असायचं. काहीही चुकत नव्हतं. फक्त त्यांचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

निरोपाच्या समारंभात ते छान बोलले. मधेच थांबले आणि पहिल्या रांगेकडे बघून म्हणाले, "मी मुख्याध्यापकांचे आभार मानले का?" मानले होते. सभागृहात हशा पिकला. परतसांग सरांनी जाता जाता आपलीच फिरकी घेतली, असं सगळ्यांना वाटलं. सरही हसले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

मग मी त्यांच्या घरी जाणंच सोडलं. कारणं काढायची ठरवली की रोज नवं मिळतं.

मध्यंतरी मुरुडच्या बाजारात जुबेदाभाभी भेटल्या. वाळल्या होत्या. मी सरांची चौकशी केली तर पिशवी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"भाऊ, तुमीच सांगा. अलिबागच्या डाक्टरला दाखवला. त्यानं कागदावर घड्याल काढायला लावला, नावा विचारली, आकडे उलटे म्हनायला लावले. सगला बरोबर. डाक्टर बोलला, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं हाय. तर यांचं काय, की डाक्टरला काय माहीत, मी चौल मारला."

मी खाली ठेवलेल्या पिशवीकडे बघत होतो.

"पोरगी कुवेतला बोलावते, तिकीट पाठवते म्हनते. हे जात नाय. विमानतलावर हरवलो तर? सकीनाआपा दोन महिने अंथरुनात हाय, समोर दिसतं दिघी, तरी मी बरोबर असले तरच जातील. मला घरचं सोडून रोज कसं जमंल? म्हनतात, यूसुफभाईसारखा धक्क्यावर उभा राहनार नाय. एक लॅपटॉप बिघडला म्हनून कुनी असा करतं का, भाऊ?"

त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. मी तिथेच उभा होतो. लोक बाजूने जात होते.

त्या रविवारी मी गेलो.

सर पडवीत बसून वाळत घातलेल्या सुपाऱ्या निवडत होते. मला बघून खरोखर आनंदले. भाभींनी चहा आणून दिला, आत भाकऱ्या करायला गेल्या. माझ्या हातात कप होता, त्यातून वाफ निघत होती, आणि सर आत वळून म्हणाले, "जुबेदा, सुर्वेला चहा दिला का आपण?"

मी कप खाली ठेवला आणि सांगायला लागलो. बराच वेळ बोललो. शुक्रवार, नमाज, मांडून ठेवलेला चिमटा. त्या दिवशी लाइट सारखी जात होती, मधेच जाईल म्हणून वाचत बसलो नाही. सगळे लॅपटॉप सारखेच दिसत होते. मला मदत करायची होती. तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरलो होतो, नोकरीचा विचार मनात आला. पुढे सांगणार होतो, पण वेळच आली नाही.

सरांचे हात सुपाऱ्यांवर थांबले होते. मग त्यांनी अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "कोणाची फाइल घातलीस?"

"राजपुरीची."

"चौलवर?"

"हो."

"चौलचा बोर्ड वेगळा होता. म्हणून मी त्याला शेवटी ठेवला होता. मी तुला सांगितलं होतं." इथे त्यांचा आवाज डळमळला. "सांगितलं होतं ना रे?"

"सांगितलं होतं, सर. आदल्याच दिवशी. मीच विसरलो."

सर उठून आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. आले, ते टॉवेलात गुंडाळलेला चौल हातात घेऊन. मागून भाभी, हात तांदळाच्या पिठाने भरलेले. सर बसले, चौल मांडीवर ठेवला.

"हिच्यासमोर परत सांग."

मी सांगितलं. भाभी ऐकत असताना एवढं मोठं सांगता येईना. चौल माझ्याकडून गेला, वाचून न घेता लिहिलं, सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, घाबरलो होतो. एवढंच.

सरांनी डोळे मिटले होते. बोट वर होतं. माझं बोलणं संपलं तरी त्यांनी ते खाली घेतलं नाही.

"जुळत नाहीये," ते म्हणाले. "मघाशी लाइट जाणार होती. आता ती लाइट कुठे गेली?"

मी कप उचलला, पुन्हा ठेवला.

"आणि गेली असती तर काय अडत होतं? माझा लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. चिमट्याला करंट त्याच्यातूनच जायचा. म्हणूनच तर आपण तसं बसवलं होतं."

"लाइटचं खोटं होतं, सर."

"या अल्ला," भाभी म्हणाल्या. "सगला ध्यानात हाय यांच्या!" त्या हसायला लागल्या आणि मग मनगटाने डोळे पुसायला लागल्या. पीठ कपाळाला लागलं. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी यांच्या मागं सावलीसारखी फिरले, भाऊ. बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहिले. आन तुमी रोज शालेत जात होता."



सर चौलवरचा टॉवेल उलगडत होते. झाकणावरची चिकटपट्टी अजून होती, अक्षरं थोडी पुसट झालेली. "असाच बोर्ड असलेला दुसरा कुठे भंगारात मिळतो का ते बघ," ते मला म्हणाले. "त्याचं वाचून घेऊ. कदाचित उठेलही." मग भाभींना म्हणाले, "सकीनाला फोन लाव. सांग, रविवारी मी येतोय. एकटा."

"आज रविवारच हाय," भाभी म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माहीत आहे," सर म्हणाले. "आजचाच म्हणतोय. दुपारच्या बोटीने."

आता भाभी खरंच हसल्या आणि पिठाच्या हातांनीच फोन शोधायला आत धावल्या. मला वाटलं, झालं. मी उठायला लागलो.

"बस," सर म्हणाले. "तू अजून पुरा झालेला नाहीस. चिमटा नीट बसव आणि परत सांग." त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, डोळे मिटले आणि बोट वर धरलं.

मी म्हणालो, "सर, चौल मी घालवला. तुम्ही सांगितलेलं मी विसरलो होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि तुम्हाला कशाची भीती आहे हे मला माहीत होतं. मला माफ करा."

ते ऐकत होते. आत भाभी फोनवर मोठ्याने दिघीला सांगत होत्या.

"परत सांग," सर म्हणाले.

मी परत सांगितलं, शब्दाला शब्द.